रूटला चालतंय ना?

लिनक्सकाका तुमच्याही ओळखीचे असतीलच. 'कॉम्प्युटर जरा हळू चालतो' असं त्यांच्यासमोर चुकून बोलावं, की चहा येईपर्यंत आपली विंडोज गेलेली असते. मग आवाज जावो की प्रिंटर रुसो, तक्रारीच्या उत्तराची सुरुवात १९९१ सालापासून, लिनस टोरवाल्ड्सपासून होते. शेवट मात्र ठरलेला: "रूटला चालतंय ना?"

रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी. शहाणी माणसं साध्या खात्यात काम करतात आणि गरजेपुरता 'सुडो' वापरतात. काकांना त्यात कमीपणा वाटतो. ते कायम रूट म्हणूनच बसतात, त्यामुळे त्यांच्याकडे सगळं चालतंच. सोसायटीच्या चेअरमनच्या नळाला पाणी असलं की चौथ्या मजल्याची तक्रार खोटी ठरते, तसं.

आमच्या वाचनालयात मुलांच्या खात्यातून इंटरनेट बंद पडलं. काका आले, रूटने आत शिरले, फायरफॉक्स उघडून सावकाश पेपर वाचला, "चालतंय की!" म्हणून निघून गेले. मुलं बसली, पुन्हा बंद. काकांनी केबल बदलली. राउटरला नवा पासवर्ड दिला (का, ते विचारू नका). प्रत्येक उपायानंतर परीक्षा रूटनेच दिली आणि रूटच पास झाला. ग्रंथपालबाई चाचरत म्हणाल्या, "पण मुलांना..." "बाई, रूटला चालतंय ना?"

शेवटी अकरावीतल्या एका मुलीने आपल्या साध्या खात्यातूनच टर्मिनल उघडलं. ८.८.८.८ ला पिंग केलं, उत्तर आलं. वेबसाइटच्या नावाने केलं, नाही आलं. म्हणजे तार शाबूत, नावावरून आयपी पत्ता शोधणंच अडलेलं. ही चौकशी कोणत्या सर्व्हरकडे करायची, ते /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत लिहिलेलं असतं. तिने ती उघडायला घेतली.

"काका, मला ही वाचायची परवानगीच नाहीये."

"मला तर दिसतेय," काका म्हणाले.

'एलएस -एल' केल्यावर भानगड उघडी पडली. मालक रूट, वाचायची-लिहायची मुभा मालकालाच, बाकीच्यांच्या वाट्याला नुसत्या रेघा. म्हणजे ६००, हवं होतं ६४४. झालं होतं असं, की उबुंटूची आयती सोय पसंत न पडल्याने काकांनीच ती उडवून फाइल हाताने लिहिली होती. त्याआधी 'सुरक्षेसाठी' रूटचा युमास्क ०७७ केला होता. म्हणजे रूट जी नवी फाइल करील ती रूटनेच वाचावी! काकांचा पहिला उतारा अर्थातच ७७७. पोरीने थांबवलं. तसं केलं तर कुणीही ती फाइल बदलून सगळ्यांना भलत्याच सर्व्हरकडे धाडू शकला असता. मग तिने सांगितलं आणि सर्वाधिकाऱ्यांनी निमूट टाइप केलं: सीएचमॉड ६४४. इंटरनेट सुरू.

तरी या माणसावर फार वेळ रागावता येत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा थांबवला, तेव्हा हीच मशीनं भंगारात निघाली होती. काकांनी पदरच्या पैशाने रॅम टाकून ती उभी केली, मराठी इनस्क्रिप्ट बसवून दिला, वर एक पैसा घेतला नाही. त्या मुलीने टर्मिनल पहिल्यांदा पाहिलं ते इथेच. उबुंटूच्या सीड्या २०११ पर्यंत टपालाने फुकट येत, त्या काकांनी मागवून गावभर वाटल्या. हल्ली त्या कबुतरं हाकलायला गॅलऱ्यांत टांगलेल्या दिसतात. काका खालून जाताना मान वर करतात आणि कोणती आवृत्ती ते ओळखतात.

त्या प्रकरणानंतर काकांनी तपासणीसाठी एक साधं खातं उघडलंय. नाव ठेवलंय 'जनता'. त्याचा पासवर्ड ते हटकून विसरतात, आणि मग रूटने आत जाऊन जनतेला नवा पासवर्ड देतात.