ऐकलंत का, वीस इंची बसवले म्हणे!

भिवंडीत मुलगा बघताना पूर्वी विचारायचे, जमीन किती, गाळे किती, भाडं कुठल्या कंपनीकडून येतं? आता म्हणे पहिला प्रश्न असतो, गाडीला किती इंची चाकं? अठरा म्हटलं की समोरचे मान हलवतात. वीस म्हटलं की आतून सरबत येतं. शिव शिव, काय हा काळ!

ज्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दूधधंद्याच्या फेऱ्यांसाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी 2021 साली देशभर गाजली, तिथे चार चाकांचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण अहो, हेलिकॉप्टरला खड्डे लागत नाहीत!

पिकअप म्हणजे इथे बोलेरो. माणकोलीच्या गोदामातून खोकी उचलायची, काल्हेर-कशेळीमार्गे ठाणं गाठायचं, साधी लोखंडी चाकं, त्यावर कालचा चिखल. तिच्या टायरकडे बघायचं ते फक्त पंक्चर झाल्यावर. मग 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली आणि पिकअप ही हळदीला मिरवायची वस्तू झाली. या गाड्यांच्या हौद्यात तांदळाचं पोतं चढल्याचं कुणी पाहिलेलं नाही. चढला तर डीजेचा स्पीकर. आणि घरी आणल्यावर पहिलं काम काय, तर कंपनीने दिलेले कोरे टायर काढून टाकायचे! त्यावरचे रबराचे केससुद्धा अजून झिजलेले नसतात हो.

या पंथात दोन तट आहेत. पहिला तट रिमवाल्यांचा. हायलक्सच्या वरच्या मॉडेलला कंपनीच अठरा इंची चाक देते आणि टायर 265/60 आर 18. म्हणजे रुंदी 265 मिलिमीटर, आणि रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत त्या रुंदीच्या 60 टक्के, 159 मिलिमीटर. आमच्या दादूसला हे पोरकट वाटतं. त्याला वीस इंची अलॉय हवेत, त्यावर 265/50 आर 20. आता गंमत बघा. दोन्ही चाकं शेजारी उभी केली तर उंची जवळपास सारखीच, एक 775 मिलिमीटर, दुसरं 773. मोठं झालं काय? फक्त अलॉय. रबराची भिंत उतरली 132 वर. पैसे मोजून रबर कमी करून घेतलं, आणि ते कुठे, तर अंजूरफाट्यावर! वाड्याच्या रस्त्यावर! माजिवडा ते वडपे महामार्गाच्या आठपदरीकरणाच्या कामात ज्यांनी पाठीचे मणके मोजले, त्यांच्या गावात! खड्ड्याचा दणका आधी रबर खातं. रबर संपलं की रिम खातं, आणि मग टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा येतो. हा फुगा म्हणजे आतला दोरा तुटल्याची खूण. पंक्चरवाला त्याला हात लावत नाही, लावूही नये. टायर बाद. पण दादूस म्हणतो, हळदीपुरता चालेल.

दुसरा तट भरगच्चवाल्यांचा. यांना मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बघवत नाही. उघडं घर दिसावं तशी ती त्यांना दिसते. मग 285 रुंदीचा, मग 33 इंच उंचीचा, मग चिखलात चालणारी मड टेरेन, जिचा एकेक दात साबणाच्या वडीएवढा. महामार्गावर ऐंशीला ती अशी घुमते, की आत बसलेल्या काकू विचारतात, विमान कुठून चाललंय? ओल्या काँक्रीटवर ब्रेक लावला की गाडी दोन पावलं पुढे जाऊन थांबते, हे मात्र काकूंना कुणी सांगत नाही.

दुकानातला सोहळा बघण्यासारखा असतो. टायर चढला की कारागीर स्टिअरिंग पूर्ण वळवतो. खर्र! आतलं प्लास्टिक घासतंय. मालकाचा चेहरा पडतो. कारागीर शांतपणे हीट गन आणतो, प्लास्टिक तापवून मऊ करतो, मुठीने मागे दाबतो, वरून ओलं फडकं. पुन्हा वळवतो. आता फक्त ‘खर’. चालतंय शेठ! मग पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला आली ना, याची खात्री होते, पॉलिश मारलं जातं, रील निघते.

त्याच कुशीवरची बाकीची अक्षरं मात्र कुणी वाचत नाही. आकारापुढे एक आकडा असतो, 110 किंवा 107. 110 म्हणजे एका टायरवर 1060 किलो, 107 म्हणजे 975. तीन आकडे खाली आलात की टायरमागे 85 किलो गमावलेत, आणि गाडी म्हणे माल वाहायची! दुसरीकडे एका चौकटीत चार आकडे, 2319 असतील तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. स्वस्तात लागलेला हा ‘इंपोर्टेड’ माल गोदामात किती पावसाळे झोपला, ते तिथेच लिहिलंय. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी नावाला आणखीच भाव. आपले वाँडरर, अप्टेरा, क्रॉसड्राइव्ह समोर मांडलेले असतात, पण त्यांना विचारतो कोण? मुंबईचा सीएट कधीकाळी इटलीहूनच आला, एवढं तरी कुणी सांगा दादूसला.

आणि काटा! 255/60 च्या जागी 285/60 बसवला, की चाक पावणेपाच टक्क्यांनी उंच होतं. काट्यावर ऐंशी दिसतात, गाडी असते चौऱ्याऐंशीच्या घरात. कॅमेऱ्याने पावती पाठवली की शिव्या कॅमेऱ्याला. कायद्याचं तर बोलूच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं, आणि 182अ खाली फेरफारामागे 5000 रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. यावर दादूसचं उत्तर ऐका, ‘नाक्यावर ओळख आहे.’

सगळ्यात मोठी कुजबुज स्टेपनीची. चार टायर बदलले, पाचव्याचे पैसे कोण घालणार? त्यामुळे वर वीस इंची थाट आणि खाली लटकतोय मूळचा अठरा. उंची जुळली तर नशीब. तेहतीस इंचीवाल्याचं चाक वाटेत बसलं की एक कोपरा खाली, तीन वर, आणि फोर बाय फोरमध्ये घातली तर आतले गिअर वेगळ्याच भाषेत ओरडतात.

हवा किती भरायची, ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मूळ टायरसाठी छापलेलं असतं. आकार बदलला की तो स्टिकर नुसती शोभा, आणि पुढचा आकडा पेट्रोलपंपावरचा पोरगा ठरवतो. तो सगळ्यांना पस्तीस भरतो.

आता खरी खबर. त्या उतरवलेल्या कोऱ्या टायरांचं काय होतं, माहीत आहे? टायरवाला ते हिशेबात कापून घेतो आणि आत रचून ठेवतो. कुशीवरचे आकडे चष्मा लावून वाचणारे, नखाने रबर दाबून बघणारे, घासाघीस करून निम्म्या भावात चारही उचलणारे लोक संध्याकाळी येतात. जुन्या व्ही-क्रॉसमधून यंत्रमागांसाठी सायझिंगचे बीम गावोगाव पोचवणारे. दादूसच्या हौसेवर त्यांची गाडी दोन वर्षं सुखात धावते, आणि नवी हायलक्स कुणी घेतली याची बातमी म्हणे शोरूमच्या आधी त्यांना लागते.