पांढऱ्या पाइपाची भानगड

"अहो वहिनी, कोपऱ्यावरच्या घराला पांढरा पाइप चढलाय, पाहिलात? पार छपरापर्यंत. मला तर वाटलं, बेसमेंटमध्ये गुपचूप न्हाणीघर काढून भाडेकरू ठेवला!"

"छे हो! रेडॉनचा पाइप तो. घर विकायला काढलंय ना, घेणाऱ्यांनी तपासणी करवली. आकडा आला 9. इथलं सरकार 4 पिकोक्युरीलाच बंदोबस्त करा म्हणतं."

"गॅस? मग वास कसा नाही आला कुणाला?"

"वास नाही, रंग नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून होतो नि फरशीच्या भेगांतून वर येतो. न्यू जर्सीचा हा डोंगराळ पट्टा त्यासाठी बदनामच आहे. हाच खडक पुढे पेनसिल्व्हेनियात जातो. तिथला एक इंजिनिअर, 1984 ची गोष्ट, अणुवीज केंद्रात कामाला. दारातलं यंत्र त्याला बघून बोंबलायचं. एकदा तर सकाळी आत शिरतानाच! केंद्रात वीज तयार व्हायलाही सुरुवात झाली नव्हती. बाबा घरूनच किरणं अंगावर घेऊन येत होता. त्याच्या घरात मोजलं तर 2,700 च्या आसपास!"

"अगं बाई! पण होतं काय त्याने?"

"फुप्फुसाचा कॅन्सर. या देशात वर्षाला 21,000 माणसं जातात, असा सरकारी अंदाज आहे. पाइपाचा पंखा फरशीखालची हवा ओढून छपरावर सोडतो. पाइपाला रंगीत पाण्याची वाकडी नळी असते. दोन्ही बाजूंचं पाणी वरखाली दिसलं तर पंखा चालू, सारखं झालं तर बंद पडला समजायचं."

"आमचे हे म्हणतात, शेजारीपाजारी आलाय ना, आपल्याला काय त्याचं!"

"भाऊजींना म्हणावं, भिंतीला भिंत लागून असली तरी दोन घरांचे आकडे वेगळे येतात. रेडॉन मोजायला कोळशाची डबी मिळते दुकानात. सगळ्यात खालच्या राहत्या मजल्यावर ठेवायची, स्वयंपाकघर-बाथरूमपासून लांब. दोनतीन दिवसांनी बंद करून लगेच लॅबला पाठवायची, रेंगाळली तर वाया."

"ठेवते की बेसमेंटमध्ये. हे दिवसभर तिथेच पडलेले असतात."

"पण आधीचे बारा तास नि डबी असेपर्यंत खिडक्या घट्ट बंद हं."

"खिडकी बंद? मग झालंच! अहो, तिथे उभे राहूनच तर सिगारेट ओढतात, मला कळत नाही असं वाटतं त्यांना."

"सिगारेटसुद्धा? वहिनी, मग डबी आजच आणा. ओढणाऱ्याला रेडॉन कितीतरी पट जास्त बाधतो. आणि खरंच, एवढी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?"