गुलाबी सीमोल्लंघन

५ ऑक्टोबर २०२२, दसरा. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या सावरगावला भगवान भक्तीगडावर भाजपच्या पंकजा मुंडे यांचा मेळावा भरला होता. त्याच दिवशी हैदराबादेत के. चंद्रशेखर राव यांनी आपल्या एकवीस वर्षांच्या पक्षाचं पुन्हा एकदा बारसं केलं आणि तेलंगणा राष्ट्र समितीची भारत राष्ट्र समिती झाली. दसऱ्याला सीमोल्लंघन करावं हे शास्त्र खरं, पण वेस ओलांडताना घरावरची पाटी उखडून बरोबर न्यावी, असं कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.

पाटी साधीसुधीही नव्हती. राव तेव्हा तेलुगू देसममध्ये, आंध्र विधानसभेचे उपाध्यक्ष. मंत्रिपद काही मिळेना. २७ एप्रिल २००१ रोजी त्यांनी नवा पक्ष काढला आणि एकच मागणी लावून धरली : तेलंगणाचं वेगळं राज्य. २००९ च्या नोव्हेंबरात ते उपोषणाला बसले आणि ९ डिसेंबरच्या रात्री केंद्राने मान डोलावली. पुढे केंद्राने टाळाटाळ केली, आंदोलनं झाली, पोरांनी जीव दिले आणि २ जून २०१४ ला राज्य झालं. पहिले मुख्यमंत्री अर्थातच राव. ज्या पक्षाला एकच मागणी होती आणि ती मान्य झाली, त्याने पुढे करायचं काय? काही वर्षं राज्य करून पाहिलं. मग दिल्ली खुणावू लागली, आणि हैदराबादहून दिल्लीला जाणारा रस्ता नांदेडवरून जातो असा शोध लागला.

सभा सुरू झाल्या : ५ फेब्रुवारी २०२३ ला नांदेड, मार्चमध्ये लोहा, एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्याच्या उन्हात पक्षाच्या रंगातले गुलाबी मंडप, गुलाबी झेंडे, गुलाबी गमछे. ‘अब की बार, किसान सरकार’ ही घोषणा तेलुगू नेत्याने मराठी शेतकऱ्याला हिंदीत दिली. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

बीडकर मात्र घोषणेपेक्षा हिशेबात पक्का. तेलंगणात तेव्हा ‘रयतू बंधू’ योजनेत शेतकऱ्याला एकरी वर्षाला १० हजार रुपये मिळत होते, शिवाय चोवीस तास फुकट वीज आणि पाच लाखांचा विमा, हे पारावर कळलं तेव्हा जो तो बोटं मोजू लागला. चाळीस एकरवाल्याला चार लाख. अर्ध्या एकरवाल्याला पाच हजार. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला? त्याला घोषणा. तिकडेही कसणाऱ्या कुळाच्या हातात या योजनेतला रुपया पडत नव्हता, पट्टा ज्याच्या नावावर पैसा त्याचा. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणजे हिशेबाच्या वहीत दोन माणसांचं एक हत्यार होतं. मुकादमाची ही वही आणि किसान सरकारची ती वही शेजारी ठेवली तर एक गोष्ट जुळते : एकरांचा रकाना दोन्हीकडे कोयत्यापाशी येऊन रिकामा राहतो.

वास्तविक या पक्षाकडे मराठवाड्याला देण्याजोगी एकच अस्सल चीज होती आणि नेमकी तीच तो हैदराबादेत विसरून आला.

तेलंगणा आणि मराठवाडा एकाच निजामाच्या तालमीतले. सप्टेंबर १९४८ मध्ये दोघेही एकदमच सुटले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला तर बीडने हैदराबादी पक्षच निवडून दिला होता. रामचंद्र गोविंद परांजपे हे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे, म्हणजे तिकडे नलगोंड्यात रावी नारायण रेड्डींना विक्रमी मतांनी दिल्लीला धाडणाऱ्या आघाडीचेच. त्यामुळे हैदराबादेहून निघालेला पक्ष बीडला पोचला तर त्यात नवलाई ती काय? पण १९५६ साली वाटा फुटल्या. तेलंगणाने आंध्रात जाताना अटी लिहून घेतल्या. त्याला ‘सभ्य माणसांचा करार’ म्हणतात, आणि सभ्य माणसांनी तो रीतसर मोडला. त्या मोडलेल्या अटींच्या आठवणीवर पुढे एक आख्खं राज्य उभं राहिलं. मराठवाडा मात्र महाराष्ट्रात विनाअट आला, याचा आपल्याला केवढा अभिमान! अट घातलीच नाही तर मोडणार काय आणि मोडलीच नाही तर भांडणार कशावरून? आपल्या वाट्याला ‘अनुशेष’ आला. त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली आणि मंडळ निमूट विझलं. अनुशेष तेवढा मुदतीबाहेर चालू आहे.

मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात बोलले की मराठवाडाही वेगळा व्हायला हवा. दोन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. हे पाहता राव यांनी स्वतंत्र मराठवाड्याचा ‘म’ही काढला नाही यात त्यांचं व्यवहारज्ञान दिसतं. राज्य मागण्यावरच जो मोठा झाला तो पक्ष मराठवाड्यात आला आणि राज्य सोडून बाकी सगळं द्यायला तयार झाला.

पुढाऱ्यांना यातलं काही नकोच होतं. त्यांना हवी होती बसायला जागा. ज्यांची बस चुकली होती आणि पुढची कधी येणार ते कळत नव्हतं, त्यांच्यासाठी हा पक्ष म्हणजे वातानुकूलित प्रतीक्षालय. नांदेडचे शंकरअण्णा धोंडगे आले, कन्नडचे हर्षवर्धन जाधव आले. २०२३ च्या १ जूनच्या सुमारास पंकजाताई दिल्लीत म्हणाल्या की आपण भाजपच्या आहोत पण भाजप आपला नाही. त्यानंतर त्यांना थेट मुख्यमंत्रिपदाचं आवतण भारत राष्ट्र समितीकडून आल्याच्या बातम्या झळकल्या. ज्या पक्षाचा महाराष्ट्रात एक आमदार नाही तो मुख्यमंत्रिपद वाटतोय! औदार्य असावं तर असं. ताई गेल्या नाहीत.

जूनअखेर राव स्वतः निघाले, मंत्रिमंडळासकट, सुमारे सहाशे गाड्यांचा ताफा घेऊन. उमरगा, सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर. आषाढी दोन दिवसांवर आणि विठ्ठलाच्या दारी पक्षाचं चिन्ह असलेली मोटार शेकड्यांनी उभी. वारकरी पायी का चालतात असा प्रश्न पडावा इतकी चकाचक दिंडी. वाटेत मटणाच्या जेवणावरून गहजब झाला आणि किसान सरकारापेक्षा मटणावरच जास्त चर्चासत्रं रंगली. तिकडे सरकोलीच्या सभेत पंढरपूरचे भगीरथ भालके पक्षात दाखल झाले. ताफ्याच्या वाटेत बीड नव्हतं. बीडकरांनी गाड्या मोबाइलवर मोजल्या.

पाच महिन्यांत प्रयोग आटोपला. ३ डिसेंबर २०२३ ला तेलंगणाच्या मतदाराने काँग्रेसला ६४ आणि पाटी बदललेल्या पक्षाला ३९ जागा दिल्या. २०२४ च्या लोकसभेला तिथल्या १७ पैकी शून्य. घरचं दुकान बसल्यावर शाखेचं भाडं कोण भरणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्षाचं महाराष्ट्रातलं बिऱ्हाड शरद पवारांच्या राष्ट्रवादीत विलीन झालं. भालके विधानसभेला काँग्रेसच्या पंजावर उभे राहिले आणि पडले. गमछ्यांचा रंग बदलत गेला, गळे तेच.

हैदराबादेत पक्षातलीच मंडळी कुरकुरू लागली की नावात तेलंगणा परत घाला. ते काही झालं नाही, उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राव यांनी आपली कन्या कविता यांनाच पक्षातून निलंबित केलं. कविता यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि त्या आपल्या संघटनेच्या कामाला लागल्या. संघटनेचं नाव तेलंगणा जागृती. म्हणजे तेलंगणा हे नाव आता लेकीकडे आणि भारत बापाकडे, अशी वाटणी झाली. परळीत बहीण-भाऊ आणि बीडमध्ये काका-पुतणे २०१९ ला समोरासमोर लढलेले या जिल्ह्याने पाहिले आहेत. बाप-लेक तेवढे बघायचे राहिले होते.