वाऱ्याची बातमी कोण देणार?

मार्चमध्ये मुंबईचा पारा चाळिशीकडे सरकला की सगळीकडे एकच आकडा झळकतो. कालपेक्षा किती अंश जास्त, सरासरीपेक्षा किती जास्त. हवामान खात्याचे अधिकारी त्याच दिवशी कारणही सांगतात: समुद्रावरचे वारे आज उशिरा सुरू झाले. हे वाक्य बातमीच्या तळाशी येतं आणि तिथंच विरतं. माझ्या मते बातमी तीच आहे. वारा उशिरा आला, म्हणून पारा चढला.

ही गोष्ट सगळ्यांत आधी कळते ती विंडसर्फिंग करणाऱ्याला. त्याच्याकडे इंजिन नाही, वल्हंही नाही. एक फळी, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड. वारं पडलं की तो जागच्या जागी उभा. शिडाची फळी चालवणाऱ्याला वाऱ्याची वेळ, दिशा आणि नेट रोज अंगावर मोजावा लागतो. पण त्याला विचारायला कोणी जात नाही.

खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते, रात्री उलटं. पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र पावसाळा सोडला तर बराचसा कारभार याच वाऱ्यांवर चालतो. सकाळी मतलई वारा समुद्राकडे वाहत असतो. उन्हं वर आली की तो पडतो, पाणी स्तब्ध होतं. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, तिसऱ्या प्रहरी जोर धरतो आणि सूर्य कलताना ढिला पडतो. फेब्रुवारी ते मे हा त्याचा खरा हंगाम. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय गोव्यात दोना पावलला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या वाऱ्याचा आणि त्यानं दुपारी उठणाऱ्या लाटांचा अभ्यास केलेला आहे. म्हणजे ज्ञान आपल्या किनाऱ्यावरच आहे, ते प्रयोगशाळेतून खाली वाळूपर्यंत उतरलेलं नाही.

हे वेळापत्रक बिघडतं कसं? उन्हाळ्याच्या तोंडावर गुजरात किंवा मध्य भारतावर हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडतं. मग तापलेल्या दख्खनवरून पूर्वेचा कोरडा वारा सह्याद्री उतरून किनाऱ्यावर येतो आणि खाऱ्या वाऱ्याला समुद्रातच थोपवून धरतो. बाराला येणारा वारा तीनला येतो. शहराची दुपार भाजून निघते आणि फळीवाल्याचा सरावाचा दिवस बुडतो. फेब्रुवारी २०२३मध्ये हवामान खात्याला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. फेब्रुवारीत! कोकणात! त्या बातम्यांतही वाऱ्याला मिळाली ती एखादी ओळ.

पूर्वेचा हा वारा नवख्यासाठी धोक्याचाही असतो. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठालगतचं पाणी सपाट, शांत दिसतं. पोरगं शीड उचलून निघतं, वारा पाठीशी असल्यामुळे झपाट्यानं आत जातं आणि परतताना त्याच वाऱ्याच्या तोंडाला लागतं. काठापासून जसजसं लांब जावं तसतसा वारा वाढतो. पाण्यावर मदतीची बोट नसेल तर ही जिवावरची गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या पाटीवर ‘पोहणे धोकादायक’ एवढंच लिहून भागत नाही. आज वारा कुठल्या बाजूचा आहे, हेही लिहिलं पाहिजे.

थोडं गणित. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा १४ नॉटवर गेला की शिडावरचा रेटा जवळजवळ दुप्पट. साधी फळी पाणी कापत रखडायची सोडून पाण्यावरून सुसाट सरकू लागते ती साधारण १२ नॉटच्या, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे सरासरी दोन नॉटनं घसरली तर तक्त्यात ती किरकोळ दिसते, पण समुद्रावर तेवढ्यानं अख्खी दुपार हातची जाते.

जागतिक खेळानं यावर तोडगा काढला तो पैशाचा. २०२४च्या ऑलिंपिकपासून विंडसर्फिंगला नवी फळी आली, आयक्यू-फॉइल. तिच्या खाली पाण्यात बुडालेला पंख असतो. वेग आला की फळी पाणी सोडून वर उचलली जाते, घर्षण घटतं आणि पाच-सहा नॉटच्या वाऱ्यातही शर्यत लावता येते. एवढं करूनही त्या ऑलिंपिकच्या विंडसर्फिंग शर्यती जिथं झाल्या त्या मार्सेयला, म्हणजे मिस्ट्रालसारख्या दांडग्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरात, वारा नाही म्हणून पदकाच्या शर्यती एक दिवस पुढे ढकलाव्या लागल्या. हा पंखवाला संच आयात करावा लागतो आणि त्याची किंमत लाखांत जाते. पडत्या वाऱ्यातही पळायचं तर आता ऐपत हवी. भोपाळच्या तलावावर सराव करून इबाद अलीनं २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवलं, ते जुन्या आरएस-एक्स फळीवर. ऑलिंपिकमधून ती फळी तोवर बाद झालेली होती. किनाऱ्यावरच्या साध्या घरातल्या मुलांना आपण पुढच्या फळीवर कसं चढवणार, याचं उत्तर क्रीडा खात्यानं द्यावं.

या खेळाचा पावसाळ्यानंतर सुरू होणारा हंगामही दोन्ही टोकांनी कुरतडला जातो आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२०मध्ये हवामान खात्यानं ती ८ ऑक्टोबर केली. दुसऱ्या टोकाला, २०२५मध्ये पाऊस ११ जूनऐवजी २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्यात याच दोन टोकांना वादळं. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा, २०२०च्या ३ जूनला रायगड झोडपणारं निसर्ग, २०२१च्या मेमध्ये तौक्ते. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली चक्रीवादळं वाढली आहेत, हे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. ऑक्टोबर आणि मे, म्हणजे हंगामाची सुरुवात आणि शेवट, नेमके वादळांच्या तोंडी आहेत. आपले जलक्रीडेचे परवाने मात्र कॅलेंडरवर चालतात. मेअखेर बंद, सप्टेंबरला सुरू. आकाशाकडे बघून हे दिवस मागेपुढे करण्याची सोय हवी, आणि बुडालेल्या दिवसांबद्दल शिकवणाऱ्यांना काही आधार हवा.

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘हवामानबदलामुळे वारा संपला’ असं ठोकून देणं चूक आहे. जगभर जमिनीवरचा वारा १९८०नंतर तीनेक दशकं मंदावत गेला आणि २०१०च्या सुमारास पुन्हा वाढू लागला, असं मोजमापांत दिसलं आहे. समुद्र तापतो तशी जमीनही तापते, आणि खारा वारा दोघांतल्या फरकावर जगतो. म्हणूनच आपल्या किनाऱ्याचा वारा आपणच, जागोजागी, वर्षानुवर्षं मोजला पाहिजे.

कोणी म्हणेल, चार शौकिनांच्या खेळासाठी एवढा आटापिटा कशाला? २०२२-२३चा मुंबईचा हिवाळा आठवा. काही दिवस तिथली हवा दिल्लीपेक्षा वाईट होती. हवेच्या दर्जाचे अभ्यासक गुफ्रान बेग यांनी त्यामागे लागोपाठ तिसऱ्या वर्षीची ला-निना आणि त्यामुळे बिघडलेलं वाऱ्याचं चक्र दाखवून दिलं. समुद्राचा वारा शहराची धूळ झाडून नेतो. तो रेंगाळला की धूळ फुप्फुसात जाते. ज्या वाऱ्यावर फळी चालते त्याच वाऱ्यावर वरळीचा दमेकरी श्वास घेतो. आणि त्याच वाऱ्याच्या वाटेत आपण समुद्राकाठी टॉवरच्या रांगा उभ्या करतो आहोत. परवानगी देताना किती मजले, किती पार्किंग हे तपासतात. मागच्या वस्तीचा वारा किती अडेल, हा रकानाही त्या अर्जात हवा.

हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती सेवा देणारी सरकारी संस्था समुद्रावरच्या वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज रोज देते. पण तो लोकांपर्यंत पोचतो तो बहुतेक इशाऱ्याच्या दिवशीच, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये म्हणून. उरलेल्या दिवसांचा वारा कोणाच्याच खिजगणतीत नाही. मागणं साधं आहे. गिरगाव, अलिबाग, मालवण, दोना पावल, जिथं जिथं माणसं पाण्यात उतरतात तिथं एक वारामापक बसवा. त्याचा तासातासाचा वेग आणि दिशा पाटीवर लावा. आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतील अशा, खंड न पाडता, जपून ठेवा. जलक्रीडेच्या नावाखाली पाण्यात सोडलेल्या एका जेट-स्कीच्या किमतीत अशी कितीतरी यंत्रं बसतील. सुरुवात याच हिवाळ्यात करा, म्हणजे येत्या मार्चला पारा चढेल तेव्हा त्या दिवशी वारा किती वाजता आला, हेही छापता येईल.