शून्य किमतीचं घर

आमच्या सायखेड्यात घराचे कागद कपाटात राहत नाहीत, माळ्यावर राहतात. 2016 च्या ऑगस्टात गंगा जुन्या घरात येऊन गेली. (गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात, आमच्याकडे गंगाच.) नवं घर बांधताना जोतं चार फूट उंच घेतलं, त्यासाठी कर्जही चार फुटांनी वाढलं. 2019 ला पाणी तिसऱ्या पायरीला शिवून गेलं. तरी पत्र्याची पेटी माळ्यावरच.

पंचाईत अशी की रिटर्न भरायची मुदत जुलैअखेर, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडायचा हंगामही तोच. म्हणजे सगळं गाव सामान वर चढवायच्या विचारात असतं, तेव्हा मी शिडी लावून पेटी खाली उतरवतो. या देशात आयकर आणणारा जेम्स विल्सनही पावसाळ्यातलाच: 24 जुलै 1860 ला त्याचा कायदा झाला आणि ऑगस्टात तो कलकत्त्याला हगवणीने गेला. एवढी घाई कशाला करायची!

पेटी उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. मग खरेदीखत, असेसमेंटचा उतारा, हप्त्यांची फाईल. जुन्या घराची एक घरपट्टीची पावती पुरात भिजून वाळलेली आहे, पापडासारखी. शिक्क्याची शाई पसरून ग्रामसेवकाच्या सहीचा जांभळा ढग झालाय. ती कशालाच लागत नाही, पण टाकवतही नाही. खरी शोधाशोध असते ती व्याजाच्या दाखल्याची. बँकेने तो दिला तेव्हा माझ्या आडनावातला काना खाल्ला होता. दुरुस्त करून आणला, तर आता पहिलं नाव अर्धं.

ओटीवर कागद पसरून बसलो की आई लसूण सोलत समोर बसते. यंदा तिने विचारलं, "सरकार या घराची किंमत काय धरतं रं?"

"शून्य."

सुरी थांबली. मी समजावलं, की आपण स्वतः राहतो त्या घराचं वार्षिक मूल्य कायद्याने शून्य असतं. भाड्याने दिलं असतं तर भाडं धरलं असतं, त्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून दुरुस्तीबिरुस्तीचे म्हणून तीस टक्के वजा. आपण राहतो म्हणून शून्य. वर जुन्या पद्धतीत व्याजाचे दोन लाखांपर्यंत वजा करता येतात.

"म्हंजे भाडेकरू राहिला तर घर, आन् आपण राहिलो तर शून्य," आई म्हणाली. "मग हप्ता कशाचा भरतो?"

याचं उत्तर आयकराच्या कलमांत नाही. मी दाखल्यात तोंड खुपसलं.

शेवटी सगळं बाड पिशवीत घालून निफाडला कर सल्लागाराकडे गेलो. तिथल्या पोराने पिशवीकडे पाहिलंही नाही. फॉर्म सोळा तेवढा घेतला, खटाखट आकडे टाकले आणि म्हणाला, "सर, तुम्हाला नवीनच परवडतंय. कर शून्य."

"आणि हे व्याज?"

"नव्यात राहत्या घराचं व्याज धरतच नाहीत."

"मुद्दल? विमा?"

"तेही नाही."

कर वाचला याचा आनंद व्हायला हवा होता. पण शिडी, डांबरगोळ्या आणि एका कान्यासाठी बँकेत मारलेल्या दोन खेपा डोळ्यांपुढे आल्या. घर शून्य, कर शून्य. मी त्याला उगीचच व्याजाचा दाखला दाखवला. तो भला पोरगा, त्याने पाहिला. म्हणाला, "नाव चुकलंय."

घरी आलो तर फाटकापाशीच आईने हाक मारली, "धरणातून पाणी सोडलंय म्हंत्यात. पेटी वर टाक आधी."

शिडी भिंतीलाच होती. एकेक कागद परत ठेवत गेलो. सगळ्यात वर ती पापडासारखी पावती ठेवली.