आज कसं वाटतंय? तीन ओळींत लिहा

मन मोकळं करण्याचा सध्याचा भाव हजार रुपयांच्या आसपास आहे. तेवढ्यात जाड पुठ्ठ्याची, रबरी पट्टा लावलेली एक वही येते. प्रत्येक पानावर पाच चेहरे छापलेले असतात: हसरा, कमी हसरा, मख्ख, रडका आणि एक लालबुंद. आपला चेहरा शोधून त्याला गोल करायचा. खाली ‘आज मी कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहे’, त्याखाली ‘आज मी स्वतःला कशाबद्दल माफ केलं’, आणि तळाशी ‘आज किती ग्लास पाणी प्यायले’. पाण्याला आठ चौकोन आहेत. दुःखाला दोन ओळी.

नगरलाही (कागदावर अहिल्यानगर, एसटीत अजून ‘नगर, नगर, नगर’) हे लोण पोचलं आहे. जर्नलिंगची शिबिरं भरतात. येताना पेन आणा म्हणतात, वही तिथेच विकत मिळते. शिबिर संपलं की सगळ्यांनी आपापलं उघडं पान आणि शेजारी कॉफीचा मग असा फोटो काढायचा, आणि ‘स्वतःशी संवाद’ असं लिहून तो तीनशे जणांना पाठवायचा. स्वतःशी बोलायला एवढी गर्दी पूर्वी लागत नसे.

या धंद्याला गावातच एक भक्कम जाहिरात उभी आहे, पण अजून कुणाच्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे. भुईकोट किल्ला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पहाटे धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथे आणून कोंडले. आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, असफ अली, शंकरराव देव, नरेंद्र देव, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, पट्टाभी, हरेकृष्ण महताब. सुरुवातीला वर्तमानपत्रही नाही. भेटी नाहीत. आजच्या भाषेत हा जवळजवळ तीन वर्षांचा ‘डिजिटल डिटॉक्स’ झाला, तोही सरकारी खर्चाने.

आणि सगळे लिहीत सुटले. महताबांनी ओरिसाचा इतिहास हाती घेतला, घोषबाबूंनी प्राचीन भारताच्या संस्कृतीचा. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानात बुडाले. पट्टाभींनी रोजनिशी ठेवली, ती पुढे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ या नावाने छापून आली. नेहरूंचीही तुरुंगातली डायरी आहे. शिवाय एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. त्याच पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय की हातात पहार-फावडं घेऊन बागेसाठी आवार खणायला लागलो, तर खालून जुन्या भिंती आणि इमारतींचे माथे लागले. खोल खणायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. कैदी खणतोय म्हटल्यावर अधिकाऱ्याच्या डोक्यात या किल्ल्याची चांदबीबी थोडीच येणार?

पण माझा माणूस मौलाना आझाद. पहाटे तीन-चारला उठायचं, आपल्या हाताने चहा करायचा (साधा नव्हे, चिनी, मोगऱ्याच्या वासाचा, बिनदुधाचा, मसाला चहाच्या गावात बसून!) आणि लिहायला बसायचं. अमेरिकेतल्या ज्युलिया कॅमेरॉनबाईंनी १९९२ मध्ये ‘उठल्या उठल्या हाताने तीन पानं लिहा’ असा मंत्र दिला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. नगरमध्ये हा प्रयोग पन्नास वर्षं आधी होऊन गेला होता. फक्त त्याचं कुणी शुल्क घेतलं नव्हतं.

आझादांनी डायरी लिहिली नाही, पत्रं लिहिली. अलीगढकडचे स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना. मित्राला पत्र धाडायची मुभाच नव्हती, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक. लिहायचं आणि ठेवून द्यायचं. चहाबद्दल लिहिलं, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिलं. आधी त्या चिमण्यांशी युद्ध, मग तह, मग तांदळाचे दाणे, मग बारसं: एक मुल्ला, एक कलंदर. ब्रिटिश साम्राज्याशी वाटाघाटी खोळंबलेल्या असताना हा काँग्रेसचा अध्यक्ष चिमण्यांशी वाटाघाटी करत होता, आणि तिथे निदान तोडगा निघाला.

याच पत्रांत एप्रिल १९४३ चं एक पत्र आहे. कलकत्त्याला पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ. सुपरिंटेंडेंट येऊन सांगतो, सरकारला काही कळवायचं असेल तर ताबडतोब पाठवतो. नेहरू येऊन बसतात, बराच वेळ बोलतात. आझादांचा नकार: या सरकारकडे काही मागायचं नाही. रोजचा क्रम एका काट्यानेही हलू द्यायचा नाही. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची पावलं वाजली की काळजात धस्स व्हायचं, पण दाराकडे पाठ करून लिहीत राहायचं, आणि तो आत आला की शांतपणे कागद टेबलावर ठेवायला सांगायचं. ९ एप्रिलला तार आली. सगळं संपलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही थोर पुरुषाच्या चरित्रात शोभेल. शाळेच्या पुस्तकात ‘धीरोदात्त’ असा एक शब्द टाकून धडा संपवला असता. आझाद तिथे थांबत नाहीत. ते लिहितात की ती शांतता म्हणजे बरंचसं नाटक होतं. अहंकाराने वठवलेलं, आपण डळमळलेलो कुणाला दिसू नये म्हणून. हे ते कुणाला सांगतात? जे पत्र जाणार नाही, त्या पत्राला.

माझ्या मते लिहिण्याचा सगळा उपयोग या एका कबुलीत आहे. कृतज्ञतेचे तीन मुद्दे कुणालाही सुचतात. आई, सूर्यप्रकाश, वायफाय. स्वतःचं सोंग स्वतःच्या हाताने पकडून द्यायला मात्र समोर कुणी नसावं लागतं. कोरा कागद चालतो, चेहरे छापलेला चालत नाही. ‘आज आपण धीराचं सोंग आणलं का? असल्यास किती टक्के?’ असा रकाना त्या हजाराच्या वहीत मी तरी पाहिला नाही. आणि समजा असता, तर त्याचाही फोटो निघाला असता.

विज्ञानाला मध्ये आणल्याशिवाय हल्ली कुणी पाणीही पीत नाही, म्हणून तेही घ्या. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. ४६ विद्यार्थी, चार रात्री, रोज १५ मिनिटं. काहींनी साध्या विषयांवर लिहायचं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगावर. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. शिबिरात एवढंच सांगतात. त्याच प्रयोगात, लिहून उठल्याबरोबर त्या मुलांना जास्त वाईट वाटत होतं आणि रक्तदाबही चढला होता, हे सांगत नाहीत. नंतर असे शंभरावर प्रयोग एकत्र तोलून पाहिले, तेव्हा फायदा आहे, पण बेताचाच, असं निघालं. कृतज्ञतेचंही तसंच. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना गुण आला, तीनदा लिहिणाऱ्यांना तेवढा नाही, असा एक निष्कर्ष आहे. रोज रोज आभार मानले की आभारही शिळे होतात. हे आपल्याकडच्या कुठल्याही सत्कार समारंभाच्या शेवटी बसलेल्या माणसाला प्रयोगाविना माहीत होतं.

ज्याला खरंच झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्याला ‘वही लिही, बरं वाटेल’ म्हणून वाटेला लावणं हा तर शुद्ध आगाऊपणा. डॉक्टर गाठावा. वही कुठे पळून जात नाही.

आता याच जिल्ह्यात, शिर्डीत बसून लिहिणारा दुसरा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. नामांकित वकील, टिळकांचे जानी दोस्त, ‘वऱ्हाडचे नबाब’. टिळकांच्या खटल्यासाठी विलायतेत दोन वर्षं खटपट करून १९१० मध्ये परतले आणि डिसेंबरात शिर्डीला आले. दुसऱ्या खेपेला डिसेंबर १९११ मध्ये आले ते १५ मार्च १९१२ पर्यंत राहिले. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. खापर्डे रोज डायरी लिहीत, इंग्रजीत, आणि शिर्डीतल्या दिवसांचा भाग ‘शिर्डी डायरी’ म्हणून छापलेला मिळतो.

काही दिव्य हाती लागेल म्हणून ती उघडाल तर पंचाईत. लवकर उठलो. काकड आरती. प्रार्थना. साईमहाराज बाहेर जाताना दर्शन, परतताना दर्शन. जेवण. थोडा आडवा झालो. दासबोध वाचला. संध्याकाळी वाड्यात भजन. दुसऱ्या दिवशी तेच. कधी उठायला उशीर झाला, तर तेही. आजच्या मार्गदर्शक ताई हे पान बघून म्हणतील, ‘दादा, छान आहे, पण यात भावना कुठेय?’

भावना आहे की. परत जायची परवानगी मागायची आणि ती मिळायची नाही, हे पुन्हा पुन्हा येतं. ज्याच्या एका शब्दावर अमरावतीत सभा भरायच्या, तो माणूस एका खेड्यात थांब म्हटलं म्हणून थांबलाय आणि दुपारी झोपलो असं प्रामाणिकपणे लिहितोय. ‘मी आज अस्वस्थ आहे’ असं सरळ न लिहिता अस्वस्थता पानापानांत उतरली आहे. त्यात टिळकांच्या माणसांवर सरकारचा डोळा, म्हणजे डायरी कुणाच्या हाती पडेल हा विचार तेव्हाही करावा लागतच असणार. नबाबसाहेबांनी हातचं राखून लिहिलं असेल तर आपण कोण बोलणार? आपण पासवर्ड म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवतो.

तसं पाहिलं तर डायरीच्या बाबतीत आपला जिल्हा कधीच मागे नव्हता. पतसंस्था, बँका, साखर कारखाने. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून जानेवारीत फुकटच्या डायऱ्यांना तोटा नाही. पहिल्या पानावर चेअरमन, दुसऱ्यावर व्हाईस चेअरमन, पुढे संचालक मंडळ फेटे बांधून, मग ठेवींचे व्याजदर, मग एकदाचा १ जानेवारी. त्याखाली शेतकऱ्याच्या हाताने: घोडेगावला कांदा काय भावाने गेला, दूध किती, फॅट किती लागली, उसाला तोड कधी आली, मजुरांना उचल किती दिली. मी अशी एक डायरी पाहिली आहे. तीत कांद्याच्या पट्टीखाली, वाहतूक आणि हमाली वजा केल्यावर, एकच शब्द होता, आणि तो छापण्याजोगा नाही. पेनाने तीनदा गिरवलेला. कागद मागून फुगला होता. कुठल्याही शिबिरात न जाता त्या माणसाने प्रसंग आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं होतं.

बायकांची अडचण वेगळी. लिहायला हरकत नाही, ठेवायचं कुठे? दोन खोल्यांचं घर, एक कपाट, त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. वही तांदळाच्या डब्यात ठेवली तर सणाला डबा उपसतात. मोबाईलमध्ये लिहावं, तर मोबाईल संध्याकाळी पोराच्या हातात, गेम खेळायला. आणि ‘पहाटे पाचला शांत जागी बसा’ म्हणे! संगमनेर-अकोले भागात पाचला गोठ्यात जावं लागतं, डेअरीची वेळ चुकली तर गाडी थांबत नाही. त्या घरात शांत जागा एकच, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी कडी वाजवतंच.

आता ही विद्या शाळेतही आली आहे. शेजारच्या तिसरीतल्या मुलाला रोज ‘आज मला काय वाटलं’ लिहायचा गृहपाठ असतो, आणि बाई तो तपासतात. पहिल्या आठवड्यात त्याने ‘आज मला रडू आलं’ असं लिहिलं, तर आई-बाबांना शाळेत बोलावणं आलं. आईचा अर्धा दिवस गेला, बाबांचा पगार कापला गेला, घरी दोघांनी मिळून त्याच्याशी ‘मोकळेपणाने’ संवाद साधला. तेव्हापासून पोरगं शहाणं झालंय. रोज ‘आज मला छान वाटलं’. रविवारचं तो शुक्रवारीच लिहून ठेवतो. खाली लाल पेनाने रोज व्हेरी गुड, सही, तारीख.