पासआउट, म्हणजे बेशुद्ध

कॉलेज रोडला इंग्रजी संभाषणाच्या एका क्लासने भलामोठा फ्लेक्स लावलाय. 'कॉलेजमधून पासआउट झालो म्हणू नका! इंग्रजीत त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो. ग्रॅज्युएट झालो म्हणा.' शेजारी टाय लावलेला एक तरुण चारी मुंड्या चीत. चेहऱ्यावर समाधान आहे, म्हणजे नोकरी शोधायला अजून निघालेला नसावा.

नाशिककराला हा शब्द नवा नाही. इथे जवानांची, फौजदारांची पासिंग आउट परेड होते. बँड वाजतो, आईबाप टाळ्या वाजवतात, कोणी कांदा घेऊन नाकाशी धावत नाही. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हा अर्थ साहेबाच्याच लष्करातला, त्याच्याच शब्दकोशात छापलेला. कॉलेजला तो आपण चिकटवला. १८६२ साली मुंबईत पहिले बी.ए. झाले, ते नुसते 'झाले'. परदेशी साहेबापुढे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं, एवढं क्लासवाल्यांचं खरं.

पण त्या आडव्या तरुणाकडे बघितलं की वाटतं, पोरगं चुकलं कुठे? इंजिनिअरिंगच्या गणिताची, त्या एम-थ्रीची, केटी काढायची, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या जर्नलवरून जर्नल उतरवायचं, सहीसाठी स्टाफरूमबाहेर ताटकळायचं, गुणपत्रिकेत नाव चुकलं की अर्ज करायचा, त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला दुसरा अर्ज करायचा, आणि एवढं सगळं उरकून बायोडेटा घेऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जावं तर गेटवरचा वॉचमनच जाहिरातीवर बोट ठेवतो, 'यंदाचे पासआउट पाहिजेत फक्त.' का? गेल्या वर्षीचा पोरगा वर्षभरात नेमकं काय विसरला? खपली नाहीत तर द्राक्षांचासुद्धा बेदाणा होतो. गेल्या वर्षीच्या इंजिनिअरचं काय करायचं? त्याच जाहिरातीत खाली अनुभव मागितलेला असतो. यंदाच पास झालेला आणि अनुभवी! असा प्राणी कोणत्या कॉलेजात तयार होतो, ते एकदा सांगून तरी टाका. हे वाचून ज्याला भोवळ येत नाही, त्याची तब्येत दाखवून घ्यावी. आणि अशा पोराला गाठून हे क्लासवाले सांगणार, बाबा रे, तुझं क्रियापद चुकलं. वर त्याचीही फी.

कंपनीवाल्यांनो, मुलांचं इंग्रजी आम्ही कसंबसं सुधारून घेऊ. तुम्ही जाहिरातीतलं ते 'फक्त' तेवढं खोडा.